न दिसणारा चुंबकीय दोर आकड्यांतून कसा ओळखतात? : कुलाब्याच्या वहीपासून आदित्य-एल१ पर्यंत

१० मे २०२४ च्या रात्री पृथ्वीवर दोन दशकांतले सर्वांत मोठे चुंबकीय वादळ येऊन आदळले. लडाखमध्ये हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाल प्रभा टिपली. आपल्या रत्नागिरीत आकाशात काहीच दिसले नाही. अशा वेळी आपल्याकडे जे दिसते ते मोबाइलवर. 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, वैश्विक किरणे जाणार आहेत' हा संदेश कित्येक वर्षे फिरतो आहे, आणि सौरवादळाची बातमी आली की तो पुन्हा जिवंत होतो. पाठवणारा बहुधा शिकलेला असतो.

अशा संदेशाला 'हे खोटे आहे' एवढे म्हणून भागत नाही. समोरचा तरुण विचारतो, 'मग खरे काय? सूर्याकडून चुंबक येतो म्हणता, तो कोणी पाहिला?' प्रश्न रास्त आहे. तो कोणीही पाहिलेला नाही. अवकाशातली चुंबकीय रचना डोळ्यांना दिसत नाही, बहुतेक वेळा कॅमेऱ्यालाही दिसत नाही. ती ओळखतात आकड्यांच्या एका लांबलचक रांगेवरून. ती रांग कशी वाचतात, त्यातून किती म्हणता येते आणि किती म्हणता येत नाही, हे आपल्या तरुणांनी समजून घ्यावे असे आम्हाला वाटते. आम्ही भौतिकशास्त्राचे नव्हे, समाजशास्त्राचे विद्यार्थी. पण पुराव्यावरून निष्कर्षाकडे जाण्याची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

आधी थोडी ओळख. वायू खूप तापला की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ऋण व धन भारांच्या कणांचे मिश्रण तयार होते. त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य प्लाझ्माचाच आहे आणि त्याच्यापासून चहूबाजूंना सतत प्लाझ्मा वाहत असतो. हा सौरवारा. पृथ्वीजवळ तो सेकंदाला साधारण ४०० किलोमीटर वेगाने जातो, पण इतका विरळ असतो की एका घनसेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन सापडतात. आपण श्वास घेतो त्या हवेच्या मानाने ही जवळपास पोकळीच.

पण ही पोकळी रिकामी नाही. सौरवारा सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर ओढून आणतो. प्लाझ्मातून वीज सहज वाहते, त्यामुळे चुंबकीय रेषा त्यात जणू गोठून बसतात आणि प्लाझ्मा जाईल तिकडे जातात. कुठे त्या पीळ पडून दोरासारख्या होतात. कुठे एका दिशेच्या रेषा आणि उलट दिशेच्या रेषा शेजारीशेजारी येतात आणि मध्ये विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो. कुठे क्षेत्राची ताकद अचानक पडते आणि खड्डा झाल्यासारखे होते. चुंबकीय रचना म्हणतात त्या ह्याच. यातला दोर आपल्याला सर्वांत महत्त्वाचा, कारण सूर्यावरून मोठा स्फोट होऊन अब्जावधी टन प्लाझ्मा फेकला जातो तेव्हा त्याच्या पोटात बहुधा असा दोर असतो. काथ्याचा दोर डोळ्यांपुढे आणा. मधला भाग जवळजवळ सरळ जातो, बाहेरचे पेड त्याभोवती वळत जातात, आणि जितके बाहेर जावे तितका पीळ जास्त. चुंबकीय दोराचीही बांधणी अशीच.

आता मोजणी. भारताचे आदित्य-एल१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी एल१ या बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. ही जागा पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर आहे. यानाला सहा मीटर लांबीचा एक दांडा आहे, तो ११ जानेवारीला उलगडला. त्यावर दोन मॅग्नेटोमीटर बसवले आहेत, एक टोकाला आणि एक मध्यावर, तीन मीटरवर. दोन कशाला? कारण यानातल्या तारा, बॅटरी, मोटारी यांचेही चुंबकीय क्षेत्र असते. सूर्याकडून येणारे क्षेत्र दोन्ही जागी सारखेच लागते, पण यानाचे स्वतःचे क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने घटते. अंतर दुप्पट झाले की ते साधारण आठपट कमी होते. दोन मापांतला फरक पाहिला की यानाचा वाटा किती ते कळते आणि तो वजा करता येतो. मोजणाऱ्याच्या स्वतःच्या अस्तित्वाने मापात काय भर पडली, हे आधी काढून टाकायचे. क्षेत्रकार्य केलेल्या कार्यकर्त्याला यातले मर्म वेगळे सांगायला नको. आपण वस्तीत वही घेऊन बसलो की माणसे वेगळे बोलू लागतात.

इतकी काळजी घ्यावी लागते, कारण मोजायचे क्षेत्र फार दुबळे आहे. कोकणात जमिनीवर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ४० हजार नॅनोटेस्लाच्या वर आहे. शांत सौरवाऱ्यातले क्षेत्र असते पाच नॅनोटेस्लाच्या आसपास.

मॅग्नेटोमीटर दर क्षणी तीन आकडे देतो: क्षेत्र सूर्य-पृथ्वी रेषेत किती, आडवे किती आणि उत्तर-दक्षिण किती. तीन आकडे मिळून एक बाण होतो, त्याला लांबी असते आणि दिशा असते. यानावरची दुसरी उपकरणे प्लाझ्माचा वेग, घनता आणि तापमान देतात. आदित्यवर ती कामे 'ॲस्पेक्स' आणि 'पापा' या उपकरणांकडे आहेत. ॲस्पेक्स अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवले, तर पापा तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई केंद्रातल्या अवकाश भौतिकी प्रयोगशाळेने. हाती येते ते एवढेच. आकड्यांची एक रांग, एका जागेची.

एका जागेच्या आकड्यांवरून लांबी-रुंदी कशी कळणार? कोकण रेल्वेने रत्नागिरीहून चिपळूणकडे जाताना उक्षीच्या आधी करबुड्याचा बोगदा लागतो, सुमारे साडेसहा किलोमीटरचा. डोळे मिटून बसलात तरी आवाज बदलला की बोगदा सुरू झाला हे कळते, पुन्हा बदलला की संपला. मधली मिनिटे मोजली आणि गाडीचा वेग माहीत असला की बोगद्याची लांबी निघते. अवकाशात उलटा प्रकार आहे, यान जवळजवळ स्थिर आणि 'बोगदा' त्याच्यावरून जातो. पण हिशेब तोच. सौरवारा सेकंदाला ४०० किलोमीटरने जात असेल तर नोंदीतला एक सेकंद म्हणजे ४०० किलोमीटर, एक तास म्हणजे साडेचौदा लाख किलोमीटर. वारा एवढ्या वेगाने जातो की रचना यानावरून सरकेपर्यंत तिला फारसे बदलायला वेळ मिळत नाही, असे यात गृहीत धरलेले असते. बहुतेक वेळा ते चालते.

मात्र बोगद्यातून जाताना रुळाच्या रेषेतलीच लांबी कळते. वर डोंगर किती उंच, बाजूला किती पसरलेला, यातले काही कळत नाही. ही मर्यादा पुढे पुन्हा येणार आहे.

१९७८ च्या जानेवारीत पाच याने सौरवाऱ्यात वेगवेगळ्या ठिकाणी होती: व्हॉयेजर १ आणि २, हेलिओस १ आणि २, आणि पृथ्वीजवळचे आयएमपी-८. त्या सर्वांच्या नोंदी एकत्र ठेवून लिओनार्ड बुर्लागा आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली एका रचनेचे वर्णन केले आणि तिला 'चुंबकीय ढग' असे नाव दिले. तिच्या तीन खुणा आजही पाहतात. क्षेत्राची ताकद नेहमीपेक्षा जास्त हवी. बाणाची दिशा झटक्यात नव्हे, तर तासन्‌तास संथपणे वळत गेली पाहिजे. आणि प्लाझ्मा आजूबाजूच्या सौरवाऱ्यापेक्षा थंड हवा, कारण तो ढग सूर्यापासून फुगत आलेला असतो आणि फुगताना वायू थंड होतो.

संथ वळण हीच दोराची सही. काथ्याच्या दोरातून आरपार सुई घाला. सुई आत शिरताना वरच्या पेडाचा तिरपेपणा एका बाजूला, मध्यावर पेड दोराच्या लांबीला समांतर, पलीकडे निघताना तिरपेपणा उलट बाजूला. यानाच्या नोंदीत हेच दिसते: उत्तर-दक्षिण आकडा समजा उणे वीसवरून हळूहळू शून्यावर येतो आणि मग अधिक वीसकडे जातो. पृथ्वीपाशी असा ढग यानावरून जायला साधारण एक दिवस लागतो. ४०० किलोमीटर वेगाने दिवसभरात साडेतीन कोटी किलोमीटर होतात. म्हणजे या दोराची जाडी सूर्य-पृथ्वी अंतराच्या जवळपास पाव हिस्सा झाली!

खुणा तीनच्या तीन हव्यात, असा आग्रह का? कारण एकेक खूण एकटी असली तर तिची दुसरी कारणेही असतात. वेगवान वाऱ्याने पुढचा संथ वारा दाबला तरी क्षेत्राची ताकद वाढते, पण तिथे प्लाझ्मा तापलेला असतो. एखादी लाट गेली तरी दिशा वळते, पण लाट पुन्हा पुन्हा वळते, दोर एकदाच. आपल्या कामात एका साक्षीदाराच्या सांगण्यावरून अहवाल लिहीत नाही, तशातलाच हा प्रकार.

दोराच्या दिशेला एवढे महत्त्व का, हेही सांगायला हवे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा सूर्याकडच्या बाजूला, विषुववृत्तावर, उत्तरेकडे असते. आलेल्या दोरातले क्षेत्रही उत्तरेकडचे असेल तर ते बरेचसे सरकून जाते. दक्षिणेकडचे असेल तर उलट दिशेच्या रेषा एकमेकींना भिडतात, तुटतात, नव्याने जोडल्या जातात आणि सौरवाऱ्याची ऊर्जा आत शिरते. म्हणजे स्फोट मोठा असला तरी वादळ मोठे होईलच असे नाही. १० मेच्या रात्री क्षेत्राची एकूण ताकद ७० नॅनोटेस्लाच्या वर गेली आणि दक्षिणेकडचा भाग ५० च्या आसपास होता. शांत दिवसाच्या पाचशी तुलना करा.

हा दक्षिणेकडचा भाग सूर्याचे फोटो पाहून आज खात्रीने सांगता येत नाही. तो यानावरून दोर जायला लागला की मगच कळतो. एल१ ते पृथ्वी हे अंतर ४०० किलोमीटर वेगाने तासाभराचे, त्या रात्रीच्या वेगाने अर्ध्या तासाच्या आसपासचे. एवढाच अवधी हातात राहतो. उपग्रह सांभाळणारे, वीजवाहिन्यांचे भारनियंत्रण करणारे आणि जीपीएसवर काम करणारे, सगळ्यांना तेवढ्यात सावध करायचे. मिरकरवाड्याहून बाहेर पडणाऱ्या ट्रॉलरवरचा जीपीएसही वातावरणाच्या विद्युतभारित थरातून आलेल्या संदेशांवर चालतो आणि वादळात तो थर ढवळून निघतो. अमेरिकेत त्या मे महिन्यात पेरणीच्या ऐन दिवसांत ट्रॅक्टरांचे जीपीएस बिघडले होते. फोन बंद ठेवून यातले काहीच टळत नाही.

आता थोडे तंत्राकडे, कारण नुसते डोळ्यांनी वळण पाहून शास्त्र होत नाही. दोर कोणत्या दिशेने पसरला आहे, पडदा कोणत्या बाजूला तोंड करून आहे, हे काढायची एक पद्धत १९६७ साली सोनेरुप आणि केहिल यांनी मांडली. नोंदीतला प्रत्येक बाण घ्या, सगळ्यांची बुडे एका बिंदूवर ठेवा आणि टोके कुठे पडतात ते पाहा. टोकांचा पुंजका तयार होईल. तो भाकरीसारखा चपटा असेल तर भाकरीच्या जाडीची दिशा म्हणजे क्षेत्र जिच्यात सर्वांत कमी बदलले ती दिशा. विद्युतप्रवाहाच्या पडद्यासाठी हीच पडद्याला काटकोनातली दिशा असते. दोर असेल तर मधल्या प्रमाणात बदलणाऱ्या दिशेवरून दोराचा आस काढतात. गणित बारावीनंतरच्या मॅट्रिसचे आहे, संगणक ते क्षणात करतो. अडचण दुसरीच आहे. पुंजका भाकरीसारखा न होता लाडवासारखा गोल झाला तरी संगणक कोणती ना कोणती दिशा उत्तर म्हणून देतोच. ते उत्तर निरर्थक असते. म्हणून दिशेबरोबर पुंजका किती चपटा आहे हे गुणोत्तरही पाहायचे. ते न देता कोणी दिशा सांगत असेल तर आपण विचारावे.

पातळ पडदे शोधायची पद्धत त्याहून सोपी. लागोपाठच्या दोन मापांतला फरक काढायचा, संपूर्ण नोंदीतल्या सर्वसाधारण फरकाने त्याला भागायचे, आणि जिथे उत्तर तीनच्या वर जाईल तिथे खूण करायची. तिथे क्षेत्र झटक्यात बदलले. बहुधा तिथून पडदा गेला. तीनच का, चार का नाही? हा आकडा माणसाने ठरवला आहे. चार घेतला तर कमी पडदे सापडतील, दोन घेतला तर साधी खळबळही पडदा म्हणून मोजली जाईल. दारिद्र्यरेषा थोडी वर-खाली केली की गरिबांची संख्या कशी बदलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. मर्यादा ठरवणे गैर नाही, ती न सांगणे गैर.

अलीकडे हे काम यंत्रशिक्षणाकडे सोपवले जाते. हजारो नोंदी दाखवून संगणकाला शिकवतात की हा दोर, हा दोर नव्हे. पण त्या नोंदींवर शिक्के माणसांनी मारलेले असतात, आणि एकाच ढगाची सुरुवात व शेवट कधी झाला यावर तज्ज्ञांच्या याद्यांत काही तासांचा फरक सापडतो. यंत्र तो फरक, ती सवय, तो पूर्वग्रह जसाच्या तसा शिकते. जनगणनेत धर्माचा रकाना कोणी आणि कसा भरला, यावर आपली चळवळ इतकी वर्षे का बोलत आली, ते आठवावे.

आता मघाच्या बोगद्याकडे. एका यानाला एकच छेद मिळतो. यान दोराच्या मध्यातून गेले तर पूर्ण वळण दिसेल, काठाने गेले तर अर्धवट. अर्धवट वळण पाहून 'दोर लहान होता' म्हणायचे की 'आपण काठाने गेलो'? एका नोंदीवरून याचा निकाल लागत नाही. म्हणून अनेक याने लागतात. २००० साली युरोपने 'क्लस्टर' नावाची चार याने दोन-दोन करून सोडली, २०१५ साली नासाने 'एमएमएस' ही चार. चार कशासाठी, तर तीन बिंदूंनी फक्त एक पातळी ठरते, चौथा तिच्याबाहेर असला की खोली मिळते. पडदा चौघांवरून कोणत्या क्रमाने आणि किती अंतराने गेला, यावरून त्याची दिशा आणि वेग दोन्ही निघतात, काहीही गृहीत न धरता. निदान पडदा त्या अंतरात सपाट आहे एवढेच गृहीत धरून.

मे २०२४ च्या वादळाबाबत हेच उपयोगी पडले. आदित्य-एल१ ची नोंद आणि अमेरिकेच्या सहा यानांच्या नोंदी शेजारी ठेवून भारतीय शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. इस्रोने २०२५ च्या अखेरीस तो जाहीर केला. सूर्यावरून निघालेले दोन उद्रेक वाटेत एकमेकांवर आदळले, एक दुसऱ्याला दाबत गेला, आणि त्या दाबाने एका दोराच्या आतल्या चुंबकीय रेषा तुटून नव्याने जोडल्या गेल्या. रेषांची अशी तोडजोड पृथ्वीच्या क्षेत्राच्या सीमेवर नेहमी दिसते. इथे ती दोराच्या पोटात सापडली, आणि तो पट्टा सुमारे १३ लाख किलोमीटर पसरलेला होता, पृथ्वीच्या व्यासाच्या शंभरपट. एका यानावरून हे म्हणण्याची हिंमत कोणी केली नसती. एल१ जवळ आपले स्वतःचे यान असणे म्हणजे जगाच्या साक्षीदारांत एकाची भर, आणि ही भर आम्हाला कोणत्याही विक्रमापेक्षा मोलाची वाटते.

यानांच्या आधी काय होते? जमीन होती, आणि या बाबतीत आपला किनारा जगाच्या नकाशावर आहे. मुंबईत कुलाब्याला १८२६ साली वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तिथे चुंबकीय क्षेत्राची मोजणी सुरू झाली. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, १८४० च्या दशकात तिथे ऑर्लेबार यांच्या हाताखाली सहायक होते. पुढे १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये कॅरिंग्टन आणि हॉजसन यांनी सूर्यावर प्रखर उजेडाचा भडका पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ आले. अनेक वेधशाळांच्या नोंदी मापनपट्टीच्या बाहेर गेल्या. कुलाब्यात मात्र माणसे डोळ्यांनी माप वाचून वहीत लिहीत होती. एरवी तासाला एकदा, गडबड दिसली की दर पंधरा मिनिटांनी, दर पाच मिनिटांनी. त्या वहीत क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद आहे.

ही वही भारतीय भूचुंबकत्व संस्थेने जपली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेस यांच्याबरोबर त्याच संस्थेचे गुरबक्ष लाखिना आणि शोभना ॲलेक्स यांनी ती नोंद नव्याने अभ्यासली आणि घसरणीच्या आकारावरून निष्कर्ष काढला की त्या दिवशी तीव्र दक्षिणमुखी क्षेत्र असलेला चुंबकीय ढग पृथ्वीवर आला असावा. यान नाही, उपग्रह नाही, केवळ एका वेधशाळेच्या हस्तलिखितावरून दीडशे वर्षांपूर्वीचा दोर ओळखला. यावरही पुढे वाद झाला. एका ठिकाणची काही मिनिटांची घसरण आणि साऱ्या पृथ्वीची तासाची सरासरी यांची तुलना करता येत नाही, सरासरी घेतली तर आकडा बराच खाली येतो, असे इतरांनी दाखवले. मे २०२४ चा सुमारे ४०० नॅनोटेस्लाचा आकडा अशा तासाच्या सरासरीचा आहे, म्हणून १६०० भागिले ४०० करून 'चौपट' म्हणणे चुकीचे. वृत्तवाहिन्यांनी ते केले तर आपण करू नये.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणताच तारांच्या क्षेत्राने मोजणी बिघडेल, हे नानाभाई मूस यांनी ओळखले आणि १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथली इमारत लोखंड टाळून पोरबंदरच्या दगडात बांधलेली आहे. कुलाबा-अलिबागची ही सलग नोंद जगातल्या जुन्या नोंदींपैकी एक आहे. संस्थेचे मुख्यालय आता नवी मुंबईत नवीन पनवेलला आहे, आणि रत्नागिरीहून आंबा घाट चढून गेले की कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तिचा वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारा रडार आहे.

कुलाब्याच्या वहीबद्दल बोलताना आणखी एक तारीख आमच्या मनात येते. त्याच मुंबई इलाख्यात, वादळाच्या तीन वर्षे आधी, १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. आकडे लिहिले जात होते तेव्हा ते वाचण्याची वाटच आपल्या लोकांना बंद होती.

आज आदित्य-एल१ ची नोंद इस्रोच्या 'प्रदान' या संकेतस्थळावर नाव नोंदवून विनामूल्य मिळते. नासाच्या 'विंड', 'एस' आणि 'डिस्कव्हर' या यानांची नोंद त्यांच्या 'सीडीएवेब'वर खुली आहे. त्यासाठी लागणारी पायथन भाषा फुकट आहे. गोगटे-जोगळेकरमध्ये किंवा शासकीय तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या मुलीला आणि परदेशातल्या प्राध्यापकाला मिळणारे आकडे एकच आहेत. फरक उरतो तो मार्गदर्शनाचा, इंग्रजीचा, आणि 'हे आपले काम नव्हे' या समजुतीचा. आम्ही वस्त्यांवरच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची पुस्तके ठेवतो, ती ठेवावीतच. पण त्यातला एक संगणक महिन्यातून दोन रविवार या कामाला द्यायला काय हरकत आहे?

नोंद तपासण्याची सवय लागली की ती आकाशापुरती राहत नाही. विजयदुर्गाचेच घ्या. तो किल्ला पूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातच होता. १८६८ च्या सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर यांनी तिथून हेलियम शोधला असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. १८६८ मध्ये लॉकियर इंग्लंडमध्ये होते आणि सूर्याच्या वर्णपटाचे काम त्यांनी त्या वर्षी तिथूनच केले. विजयदुर्गाला ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्यावरचे 'साहेबाचे कट्टे' खरे, साहेबही खरा, तारीख मात्र तीस वर्षांनी सरकलेली. कोकणाचा मान यात कमी होत नाही. कालामांना बुद्धांनी परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका असे सांगितले, ते आपल्या गावच्या अभिमानालाही लागू आहे.

सुरुवात करायची असेल तर ९ ते १३ मे २०२४ एवढेच पाच दिवस घ्या. 'विंड'चा क्षेत्राचा आलेख काढा: एकूण ताकद वर, तिन्ही घटक त्याखाली, सर्वांत खाली वेग आणि तापमान. आलेखातली वेळ जागतिक असते, साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. १० तारखेला रात्री दहाच्या सुमारास वेग, घनता आणि क्षेत्र एकदम उडी घेतात, तो आघात. त्यानंतर उत्तर-दक्षिण घटक शून्याखाली किती तास राहिला ते मोजा. मग संथ वळण शोधा. इथे अनेक उद्रेक एकमेकांत घुसले होते, त्यामुळे पुस्तकातल्यासारखे एक सुबक वळण सापडणार नाही. जिथे दोर वाटतो तिथे पेन्सिलीने सुरुवात आणि शेवट लिहा, बाजूला कारण लिहा. तुमच्या शेजारच्या मुलालाही तोच आलेख द्या, तुमच्या खुणा न दाखवता. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर त्या फरकासकट आम्हाला पाठवा.